आलेली फाईल देवडीवरच थांबवावी

(संस्थेच्या वार्षिक समारंभात भोर येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)





आजचा विषय ऐकून काही पालकांच्या मनात आले असेल की, सर्व्हरवर नको त्या फाईली येऊ नयेत म्हणून काय करावे, हा प्रश्न संगणकवाल्यांचा आहे. त्याच्याशी आपला काय संबंध? संबंध आहे, आणि तो आपल्या कपाटातल्या कागदपत्रांशी आहे. मुलाचा प्रवेश असो, मुलीचा शिष्यवृत्तीचा अर्ज असो, उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा दाखला, आधार कार्ड, गुणपत्रक, बँकेच्या पासबुकाचे पहिले पान, हे सारे आता कागदावर कोणी मागत नाही. त्याचा फोटो काढून महाडीबीटीसारख्या सरकारी पोर्टलवर, नाहीतर एखाद्या शाळेच्या किंवा संस्थेच्या संकेतस्थळावर तो चढवावा लागतो. वेल्ह्याच्या डोंगरकपारीतल्या गावात फोनला रेंज मिळत नाही म्हणून पालक एसटीने येतात, सेवा केंद्रात रांग लावतात, आणि 'अपलोड' असे लिहिलेले बटण एकदाचे दाबले गेले की सुटकेचा श्वास टाकतात.

आपले काम तेथे संपते. पण पलीकडच्या बाजूचे काम तेथेच सुरू होते. ज्या दारातून आपल्या मुलीचा दाखला आत गेला, ते दार साऱ्या जगाला दिसते. त्याच दारातून एखादा परका मनुष्य दाखल्याच्या नावाखाली दुसरेच काही आत सरकवू शकतो. तसे झाले तर धोका फक्त संकेतस्थळाला नसतो. आधी आत गेलेल्या प्रत्येक मुलाच्या कागदाला असतो. दुसऱ्याने विश्वासाने आपल्याजवळ ठेवलेल्या वस्तूला आपण अमानत म्हणतो. विद्यार्थ्यांची कागदपत्रे ही संस्थेजवळची अमानत आहे. तेव्हा ती कशी सांभाळावी, हा प्रश्न जितका तंत्रज्ञाचा, तितकाच विश्वस्तांचा आणि पालकांचाही आहे.

एक वाडा, अनेक बिऱ्हाडे

प्रथम सर्व्हर म्हणजे काय ते पाहू. सर्व्हर म्हणजे रात्रंदिवस चालू राहणारा, माहितीजालाशी जोडलेला एक संगणक. मोठ्या बँका आणि सरकारी खाती आपापले स्वतंत्र सर्व्हर बाळगतात. शाळा, छोट्या संस्था, दुकानदार यांना तो खर्च झेपत नाही, आणि त्याची गरजही नसते. म्हणून एकाच सर्व्हरवर शेकडो संकेतस्थळे भाड्याने राहतात. यालाच सामायिक सर्व्हर म्हणतात. जुन्या वाड्यात जशी अनेक बिऱ्हाडे नांदतात, तसाच हा प्रकार. प्रत्येकाची खोली वेगळी, म्हणजे प्रत्येकाचे फोल्डर वेगळे. पण वाड्याचा पत्ता एक, जिना एक, पाण्याची टाकी एक.

या व्यवस्थेत स्वस्ताई आहे, तशी जबाबदारीही आहे. एका बिऱ्हाडकरूने दार उघडे टाकले तर चोर त्याच्याच खोलीत थांबेल असे नाही. एका संकेतस्थळावर शिरलेला मनुष्य तेथून हजारो फसवे ईमेल पाठवू लागला तर सर्व्हरचा पत्ताच काळ्या यादीत जातो, आणि शेजाऱ्यांची प्रामाणिक पत्रेही लोकांपर्यंत पोहोचत नाहीत. त्याने एखाद्या बँकेसारखे दिसणारे खोटे पान तेथे मांडले तर ब्राउझर लोकांना लाल पाटी दाखवून परत फिरवतो. सर्व्हरची कंपनी तर सरळ खातेच बंद करते. ऐन प्रवेशाच्या आठवड्यात शाळेचे संकेतस्थळ बंद पडले, तर त्याचा त्रास कोणाला होईल ते सांगावयास नको.

फोटो वाचला जातो, प्रोग्रॅम चालवला जातो

वेबपानावरच्या फॉर्ममधून फाईल पाठवण्याची पद्धत नोव्हेंबर १९९५ मध्ये एका प्रस्तावाच्या रूपाने मांडली गेली. रासमुस लेर्डोर्फ यांची पीएचपी ही संगणकभाषाही त्याच वर्षी लोकांपुढे आली. आज छोट्या संस्थांची बहुतेक संकेतस्थळे याच भाषेवर चालतात. या दोन सोयी एकत्र आल्या आणि त्यांतूनच आपला आजचा प्रश्न जन्माला आला.

तो असा. सर्व्हरकडे कोणी फाईल मागितली की तो पहिल्याने तिच्या नावाचे शेपूट पाहतो. शेपूट 'जेपीजी' असेल तर हा फोटो आहे असे समजून तो फाईल जशीच्या तशी पाठवून देतो. शेपूट 'पीएचपी' असेल तर हा प्रोग्रॅम आहे असे समजून तो फाईल चालवतो, म्हणजे तिच्यात लिहिलेल्या आज्ञा पाळतो, आणि फक्त उत्तर पाठवतो. आता समजा, शाळेच्या फॉर्ममध्ये फोटोची जागा आहे आणि तेथे कोणीही कसलीही फाईल देऊ शकतो. एखादा मनुष्य फोटोऐवजी पीएचपीची छोटीशी फाईल देतो. ती 'अपलोड्स' नावाच्या फोल्डरात जाऊन बसते. मग तो आपल्या घरी बसून ब्राउझरमध्ये त्या फाईलचा पत्ता टाकतो. सर्व्हर इमानदार नोकर. तो ती फाईल चालवतो. त्या क्षणापासून सर्व्हरला हुकूम सोडणारा मालक बदललेला असतो.

अशा फाईलला वेब शेल म्हणतात. ती फार मोठी असावी लागते असे नाही. 'चायना चॉपर' या नावाने कुप्रसिद्ध झालेल्या वेब शेलचा सर्व्हरवर ठेवावयाचा भाग एका ओळीत मावतो. पण त्या एका ओळीच्या जोरावर फोल्डरातले सारे कागद पाहता येतात, डेटाबेसचा पासवर्ड वाचता येतो, पाने बदलता येतात आणि नव्या फाईली ठेवता येतात.

हे केवळ छोट्यांच्याच बाबतीत घडते असेही नाही. अमेरिकेत लोकांच्या कर्जफेडीच्या नोंदी ठेवणारी इक्विफॅक्स नावाची मोठी कंपनी आहे. २०१७ साली तिच्याकडून सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती चोरीस गेली. फाईल स्वीकारण्याचे काम पाहणाऱ्या प्रोग्रॅममध्ये जो दोष होता, त्यातून चोर आत शिरले. दोष दूर करणारी दुरुस्ती त्या वर्षीच्या मार्चमध्येच उपलब्ध झाली होती. ती वेळेवर बसवली गेली नाही, आणि मे महिन्यात घरफोडी झाली. चौकशीत कंपनीच्या सर्व्हरवर सुमारे तीस वेब शेल ठेवले गेल्याचे दिसून आले.

पहारेकऱ्याने चिठ्ठी वाचलीच नाही

आणखी एक प्रकरण मला फार बोधप्रद वाटते. फोटो व फाईली चढवण्याची सुबक सोय देणारा एक मोफत प्रोग्रॅम 'ब्लूइम्प' या नावाने प्रसिद्ध आहे. त्याच्या हजारो नकला जगभरच्या संकेतस्थळांत वापरल्या गेल्या. त्याच्या कर्त्याने काळजी घेतली होती. अपलोडच्या फोल्डरात त्याने 'डॉट एचटीॲक्सेस' नावाची एक छोटी फाईल ठेवली होती. अपाची या सर्व्हरसाठी ती चिठ्ठीच असते. तिचा आशय असा, की या फोल्डरातले काहीही चालवू नये.

पण अपाची सर्व्हरच्या २०१० मधील २.३.९ या आवृत्तीपासून एक नियम बदलला होता. मालकाने मुद्दाम परवानगी दिल्याशिवाय फोल्डरातल्या अशा चिठ्ठ्या वाचावयाच्या नाहीत, असे ठरले होते. हा बदल गती आणि सुरक्षितता यांसाठीच केलेला होता. परिणाम मात्र असा झाला की, चिठ्ठी जागेवर होती, पहारेकरीही जागेवर होता, पण पहारेकरी चिठ्ठी वाचत नव्हता. ही गोष्ट अकामाई कंपनीतील संशोधक लॅरी कॅशडॉलर यांनी ऑक्टोबर २०१८ मध्ये उघडकीस आणली. त्यापूर्वी काही वर्षे चोरांना ती ठाऊक होती. ते कसे करावे हे दाखवणारे व्हिडिओसुद्धा फिरत होते.

दुसरे प्रकरण सप्टेंबर २०२० चे. वर्डप्रेस या लोकप्रिय व्यवस्थेला जोडावयाचा फाईल मॅनेजर नावाचा एक जोडप्रोग्रॅम सात लाखांहून अधिक संकेतस्थळांवर बसवलेला होता. त्यात नमुन्यादाखल दिलेली एक फाईल चालू स्थितीत राहून गेली होती. तिला कसलाही पासवर्ड लागत नव्हता. कोणीही यावे आणि हवी ती फाईल ठेवून जावे, अशी स्थिती झाली. ज्यांच्या संकेतस्थळावर असा जोडप्रोग्रॅम आहे हे त्यांच्या लक्षातही नव्हते, अशांची घरे त्यात फुटली.

या दोन्ही प्रकरणांतून एकच गोष्ट शिकावयाची. कुलूप लावले एवढ्याने भागत नाही. ते खरोखर लागले आहे काय, हे बाहेरून ओढून पाहावे लागते.

रोहिड्याचे तीन दरवाजे

आता उपायांकडे वळू. त्यासाठी फार दूर जावयाचे कारण नाही. आपल्या भोरजवळचा रोहिडा किल्ला आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. बाजारवाडीतून वर चढले की एकामागून एक असे तीन दरवाजे लागतात. दुसऱ्या दरवाजाजवळ पाण्याचे टाके आहे. तिसऱ्या दरवाजावर मराठी आणि फारसी असे दोन्ही शिलालेख आहेत. वेल्ह्याकडून तोरणा चढतानाही आधी बिनी दरवाजा आणि मग कोठी दरवाजा लागतो. राजगडाचा पाली दरवाजा घ्या. तेथेही एकामागे एक दोन प्रवेशद्वारे आहेत आणि आत पहारेकऱ्यांसाठी देवड्या आहेत. किल्ले बांधणाऱ्यांना माहीत होते की कोणताही एक दरवाजा अभेद्य नसतो. म्हणून एक पडला तर दुसरा, दुसरा पडला तर तिसरा. फाईलींच्या बाबतीतही हेच धोरण ठेवावे.

पहिला दरवाजा: येऊच द्यावे काय? पुष्कळ संकेतस्थळांना बाहेरच्यांकडून फाईल घेण्याची गरजच नसते. कार्यक्रमांचे फोटो आणि निकाल दाखवणे एवढेच काम असेल, तर पीएचपीच्या मांडणीत फाईल स्वीकारणे संपूर्ण बंद करण्याची सोय आहे, ती वापरावी. जेथे गरज आहे तेथे ती मुदतीपुरती ठेवावी. प्रवेशाचा हंगाम संपला की फॉर्म काढून टाकावा. जे दार बांधलेलेच नाही, ते कोणी फोडू शकत नाही. फॉर्म ठेवलाच तर आधी अर्जदाराचा मोबाईल क्रमांक पडताळावा, एका अर्जदाराकडून किती फाईली घ्यावयाच्या ते ठरवावे, आणि आकाराची मर्यादा घालावी. पीएचपीत ही मर्यादा मुळातच एका फाईलला २ एमबी इतकी असते. सोयीसाठी ती कोणी वाढवून ठेवली आहे काय, ते पाहावे. अर्ज भरताना 'फोटो इतक्या केबीपेक्षा मोठा नको' म्हणून आपण वैतागतो. त्या नियमामागे सर्व्हरची जागा कोणी कचऱ्याने भरून टाकू नये, हाही विचार असतो.

याच दरवाजावर आणखी एक नियम हवा. काय नको याची यादी करू नये. काय हवे याची यादी करावी. 'पीएचपी फाईल नको' असे म्हटले तर येणारा मनुष्य 'पीएचटीएमएल', 'पीएचपी५', 'फार' अशी दुसरी शेपटे लावून येतो, नाहीतर अक्षरांचे लहानमोठेपण बदलतो. नकोशा गोष्टींची यादी कधीच पुरी होत नाही. त्याऐवजी जेपीजी, पीएनजी आणि पीडीएफ हे तीनच प्रकार घेऊ, बाकी सर्व परत, असे ठरवावे. लग्नाच्या पंगतीत ज्यांना बोलावले त्यांची यादी करणे सोपे असते. ज्यांना बोलावले नाही त्यांची यादी कोण करणार?

दुसरा दरवाजा: आत काय आहे? येथे मला भोरचा इतिहास आठवतो. भोर ही पंतसचिवांची गादी. १९४८ साली हे संस्थान विलीन झाले. अष्टप्रधानांतील सचिव, ज्याला सुरनीस असेही म्हणत, त्याचे एक मुख्य काम म्हणजे राजपत्रे तपासणे. पत्रातला मजकूर वाचून, कमीजास्त असेल ते शुद्ध करून, मगच ते पुढे जावयाचे. केवळ लखोटा पाहून त्याचे काम भागत नसे. आपल्या सर्व्हरलाही असा एक सुरनीस हवा.

कारण लखोटा खोटा असू शकतो. फाईलचे नाव पाठवणारा ठरवतो. 'हा फोटो आहे' अशी जी माहिती ब्राउझर पाठवतो, तीही पाठवणाऱ्याच्या हातात असते. ब्राउझरमध्येच चालणारी तपासणी तर प्रामाणिक माणसाच्या सोयीपुरती असते. लबाड मनुष्य ती सहज टाळतो. एवढेच काय, फाईलच्या सुरुवातीला जिफ चित्राची खूण म्हणून जी सहा अक्षरे असतात ती लिहून पुढे पीएचपीच्या आज्ञा लिहिल्या, तर वरवरची तपासणी तिला चित्रच समजते. म्हणून फोटोच्या बाबतीत उत्तम उपाय असा, की आलेला फोटो तसाच ठेवू नये. सर्व्हरने तो उघडावा, ठराविक आकारात नव्याने काढावा, ती नवी प्रत ठेवावी आणि मूळ फाईल टाकून द्यावी. नव्याने काढताना चित्राबरोबर चिकटून आलेला बहुतेक चोरटा मजकूर गळून पडतो. शिवाय मोबाईलने फोटोत लिहून ठेवलेले ठिकाण, म्हणजे पुष्कळदा आपल्या घराचाच ठावठिकाणा, हाही पुसला जातो. पीडीएफ व इतर फाईलींसाठी क्लॅमएव्हीसारखा मोफत तपासनीस प्रोग्रॅम अनेक सर्व्हरांवर मिळतो. तो चालू आहे का ते विचारावे.

तपासणी झाल्यावर नाव बदलावे. पाठवणाऱ्याने दिलेले नाव नोंदवहीत, म्हणजे डेटाबेसमध्ये लिहून घ्यावे. फाईलला मात्र सर्व्हरने स्वतःचे, कोणालाही ओळखता येणार नाही असे नाव द्यावे. यामुळे दोन शेपटांची नावे, फोल्डर ओलांडून जाणारी नावे, 'डॉट एचटीॲक्सेस' या नावाने येऊन सर्व्हरचे नियमच बदलू पाहणारी फाईल, हे सारे प्रकार एका फटक्यात संपतात.

तिसरा दरवाजा: ठेवावे कोठे? माझ्या मते हा सर्वांत महत्त्वाचा दरवाजा होय. आलेला पाहुणा ओळखीचा नसेल तर त्याला देवडीवर बसवावे; थेट मुदपाकखान्यात नेऊ नये. सर्व्हरवर संकेतस्थळाचे एक मुख्य फोल्डर असते. त्यात ठेवलेली कोणतीही फाईल पत्ता टाकून जगातून कोणालाही मागवता येते. आलेल्या फाईली या फोल्डराच्या बाहेर ठेवाव्यात. त्यांना थेट पत्ताच नसावा. अधिकृत कर्मचाऱ्याने प्रवेश करून मागितल्यावरच एका छोट्या प्रोग्रॅमने ती फाईल आणून दाखवावी. असे केले म्हणजे पहिले दोन दरवाजे चुकवून एखादा वेब शेल आत आलाच, तरी बाहेरून त्याला हाक मारता येत नाही. आणि याच व्यवस्थेने आपल्या मुलींचे दाखले शोधयंत्रांत सापडण्याचाही धोका टळतो. एकच उपाय दोन्हीकडे उपयोगी पडतो: परके आत चालत नाही, आणि आपले बाहेर जात नाही.

ही कल्पना नवी नाही. १९९० च्या दशकात विद्यापीठांच्या सर्व्हरवर 'इनकमिंग' नावाची खुली फोल्डरे असत. कोणीही फाईल ठेवावी, कोणीही न्यावी. पाहता पाहता चोरट्या सॉफ्टवेअरची देवघेव करणाऱ्यांनी त्यांचा अड्डा केला. त्यावर उपाय असा निघाला की, त्या फोल्डरात टाकता यावे, पण बाहेरच्याला त्यातून वाचता येऊ नये. पोस्टाची लाल पेटी असते तसे. पत्र टाकणारा टाकतो. काढण्याची किल्ली पोस्टमनकडेच असते.

काही ठिकाणी फाईली मुख्य फोल्डरातच ठेवणे भाग पडते. तेथे त्या फोल्डरात प्रोग्रॅम चालणार नाही अशी मांडणी करावी आणि ती तपासून पाहावी. केवळ तारीख दाखवणारी एक निरुपद्रवी पीएचपी फाईल स्वतःच तेथे ठेवावी आणि ब्राउझरमधून मागवावी. तारीख दिसली तर समजावे की प्रोग्रॅम चालला आणि दार उघडे आहे. पाहून झाले की ती फाईल काढून टाकावी. ही तपासणी पाच मिनिटांची आहे. सर्व्हर बदलला किंवा त्याची आवृत्ती बदलली की ती पुन्हा करावी.

येथे सामायिक सर्व्हरची एक खास गोष्ट सांगितली पाहिजे. प्रत्येक फोल्डरावर तीन आकड्यांची परवानगी असते: पहिला आकडा मालकाचा, दुसरा गटाचा, तिसरा इतरांचा. वाचण्याचे ४, लिहिण्याचे २ आणि चालवण्याचे १ अशी त्यांची बेरीज असते. काही अडले की घाईत '७७७' देऊन मोकळे होण्याची सवय पुष्कळांना आहे. याचा अर्थ, वाड्यातल्या कोणीही माझ्या खोलीत यावे, लिहावे, पुसावे! पूर्वी अनेक सर्व्हरांवर सर्व बिऱ्हाडांचे प्रोग्रॅम एकाच नोकराच्या नावाने चालत, त्यामुळे ही सवय लागली. आता चांगल्या सर्व्हरांवर प्रत्येक बिऱ्हाडाचा प्रोग्रॅम त्याच्या स्वतःच्या नावाने चालतो. फोल्डराला ७५५ आणि फाईलला ६४४ एवढे सर्वसाधारणपणे पुरते. सर्व्हर भाड्याने घेताना 'प्रत्येक खाते वेगळे राखले जाते काय?' हे विचारल्याशिवाय पैसे भरू नयेत.

मागचे दार

नकोशी फाईल दरवेळी फॉर्ममधूनच येते असे नाही. संकेतस्थळ चालवणाऱ्याचा पासवर्ड चोरून ती सरळ मागच्या दाराने येऊ शकते. २००९ साली 'गंबलर' नावाच्या उपद्रवाने हेच केले. लोकांच्या संगणकावरून फाईली पाठवण्याचे एफटीपी पासवर्ड चोरले आणि त्यांच्याच संकेतस्थळांवर घातक मजकूर पेरला. म्हणून संस्थेचा पासवर्ड सायबर कॅफेच्या संगणकावर टाकू नये, तो चार जणांत वाटू नये, आणि साध्या एफटीपीऐवजी एसएफटीपी वापरावे. काम सोडून गेलेल्या माणसाचा पासवर्ड त्याच दिवशी बंद करावा. वर्डप्रेस आणि त्याचे जोडप्रोग्रॅम अद्ययावत ठेवावेत. न लागणारे काढून टाकावेत.

आणि एवढे करूनही घात झालाच तर? सापडलेली एक फाईल पुसून समाधान मानू नये. इक्विफॅक्सकडे तीस होते हे विसरू नका. संकेतस्थळ थोडा वेळ बंद ठेवावे, सर्व पासवर्ड बदलावे, सर्व्हरच्या नोंदी जपून ठेवाव्यात, दार कोठे उघडे होते ते शोधून बंद करावे, आणि मग वेगळ्या ठिकाणी ठेवलेल्या स्वच्छ प्रतीवरून सर्व पुन्हा उभारावे. सर्ट-इन ही केंद्र सरकारची यंत्रणा २००४ पासून याच कामासाठी आहे. एप्रिल २०२२ च्या तिच्या आदेशानुसार अशा घटना कळल्यापासून सहा तासांच्या आत कळवावयाच्या असतात. पैशांची फसवणूक झाली असेल तर १९३० हा क्रमांक लक्षात ठेवावा. आणि ज्यांची कागदपत्रे होती त्या पालकांना स्पष्ट सांगावे. अमानत गेली हे लपवणे, ती जाण्याहूनही वाईट.

पालकांनी विचारावयाचे पाच प्रश्न

पालकांनी संगणकशास्त्र शिकावे असे मी म्हणत नाही. पण ज्या संस्थेकडे आपण मुलांचे कागद देतो, मग ती आपलीच संस्था का असेना, तिला पाच प्रश्न विचारण्याचा आपल्याला हक्क आहे. एक, हा कागद खरोखर लागतो काय? दोन, तो कोठे ठेवला जातो आणि कोण पाहू शकतो? तीन, आलेली फाईल तपासली जाते काय? चार, काम झाल्यावर ती केव्हा पुसली जाते? पाच, काही बिघडले तर आम्हाला कोण कळवील?

२०२३ साली संसदेने वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत केला. वाजवी काळजी न घेणाऱ्यास त्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. तेव्हा या प्रश्नांचा कोणी राग मानू नये. पालकांनीही आपल्या बाजूने जपावे. जेथे चालते तेथे शेवटचे चारच आकडे दाखवणारे आधार द्यावे. सेवा केंद्रातून निघण्यापूर्वी तेथील संगणकावर उतरवलेल्या आपल्या फाईली पुसून घ्याव्यात आणि व्हॉट्सॲप बंद करावे.

विद्यार्थ्यांसाठी दोन शब्द

विद्यार्थी मित्रांनो, आज सांगितलेली विद्या शिकण्यास मोठे भांडवल लागत नाही. घरच्या साध्या संगणकावर मोफत सर्व्हर बसवता येतो. ओवॅस्प नावाची संघटना २००१ पासून वेबच्या सुरक्षिततेचे साहित्य विनामूल्य देते. सरावासाठी मुद्दाम कच्ची ठेवलेली संकेतस्थळेही मिळतात. ती आपल्या संगणकावर फोडावीत आणि दुरुस्त करावीत. परंतु दुसऱ्याच्या सर्व्हरवर, परवानगीवाचून, 'नुसते पाहतो' म्हणूनसुद्धा हात लावू नये. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० यातील कलम ४३ आणि ६६ अन्वये अप्रामाणिक हेतूने केलेल्या अशा कृत्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. कुलूप उघडण्याची कला शिकलेला मनुष्य गावाला उपयोगी पडतो की गावाला नकोसा होतो, हे त्याच्या नियतीवर ठरते.

भोर आणि राजगड (पूर्वीचा वेल्हे) या दोन तालुक्यांत कितीतरी शाळा, पतसंस्था, दूध संस्था, ग्रामपंचायती आहेत. त्यांच्यापैकी कोणाचे संकेतस्थळ असेल, कोणाचे उद्या होईल. त्या साऱ्यांना पुण्या-मुंबईहून तज्ज्ञ बोलावणे परवडणार नाही. आपल्यातील चार मुला-मुलींनी हे काम मनावर घेतले तर आजूबाजूच्या संस्थांची फोल्डरे तपासून देणे, परवानग्या नीट करून देणे, जुने फॉर्म बंद करून देणे हे त्यांना सहज जमेल. त्यातून अनुभव मिळेल, कदाचित पुढे पोटापाण्याचा व्यवसायही मिळेल. मुलींना तर मी आग्रहाने सांगेन. हे काम घरी बसूनही करता येते आणि त्यात नजर व चिकाटी लागते, अंगबळ लागत नाही.

रोहिड्याचे दरवाजे ज्यांनी बांधले, त्यांनी ते एका दिवसात बांधले नाहीत. आणि नुसते बांधूनही ठेवले नाहीत, तेथे पहारा ठेवला. आपणही आपल्या संस्थेचे दरवाजे येत्या प्रवेशापूर्वी एकदा तपासून घ्यावेत, एवढीच पदाधिकाऱ्यांना विनंती आहे.